‘गिव्ह अप’मधलं ‘देणं’ आणि आपलं ‘सोडून देणं’

इंग्रजी शिकणाऱ्या एका प्रौढ विद्यार्थिनीची वही तपासत होते. वाक्य होतं, ‘शी गेव्ह अप हर जॉब.’ खाली तिने पेन्सिलीने अर्थ लिहिला होता : ‘तिने तिची नोकरी वर दिली.’ आणि शेजारी एक प्रश्नचिन्ह काढलं होतं. त्या प्रश्नचिन्हाचं मला फार कौतुक वाटलं. ‘गिव्ह’ म्हणजे देणे आणि ‘अप’ म्हणजे वर, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दोन्ही अर्थ बरोबर होते, तरीही वाक्य जुळत नाही हे तिच्या कानाने ओळखलं होतं. नोकरी दिली, पण कुणाला? आणि वर म्हणजे कुठे?

अर्थ सांगणं सोपं आहे : तिने नोकरी सोडली. पण एवढं सांगून वही परत दिली, की पुढच्या पानावर ‘ही गेव्ह अप होप’ येतं, त्याच्या पुढे ‘ही गेव्ह हिमसेल्फ अप’, आणि मग प्रत्येक वेळी नवा अर्थ पाठ करावा लागतो. शब्दकोश उघडला तर एका ‘गिव्ह अप’खाली आठ-दहा अर्थ दिसतात आणि माणूस घाबरतो. माझं म्हणणं असं, की ते आठ-दहा अर्थ म्हणजे एकाच हालचालीची वेगवेगळी रूपं आहेत, आणि ती हालचाल मराठी बोलणाऱ्याला लहानपणापासून माहीत आहे. आपण ‘सोडून दे’ म्हणतो ना, त्यातला ‘दे’ ऐका. तिथेही कुणी कुणाला काही देत नाही. देणे हेच क्रियापद दोन्ही भाषांत सोडण्याच्या कामाला लागलं आहे. फरक इतकाच, की इंग्रजीत ‘देणे’ पुढे उभं असतं आणि ‘अप’ त्याला मदत करतं, तर आपल्याकडे ‘सोडणे’ पुढे असतं आणि ‘देणे’ मदतीला येतं.

क्रियापदाला असा छोटा शब्द जोडून नवा अर्थ तयार होतो, त्याला इंग्रजीत फ्रेजल व्हर्ब म्हणतात. हे नाव तसं अलीकडचं. लोगन पियर्सल स्मिथ यांनी १९२५ साली आपल्या पुस्तकात ते वापरलं, आणि ते सुचवलं ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनी, हेही त्यांनी तिथे सांगितलं. अडचण मात्र नावाच्या कितीतरी आधीची आहे. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५च्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलं, की परक्या माणसाला इंग्रजीत सगळ्यात जास्त त्रास होतो तो क्रियापदामागे लागणाऱ्या या लहान शब्दांचा. त्यांनी जी उदाहरणं दिली, त्यांत ‘गिव्ह ओव्हर’ म्हणजे थांबणे, हेही होतं. तेव्हा हा घोळ आपल्याच डोक्यात होतो असं समजून खट्टू व्हायचं कारण नाही. इंग्रजांच्या सगळ्यात नावाजलेल्या कोशकाराने तो अडीचशे वर्षांपूर्वीच मान्य केला आहे.

आधी ‘अप’चा प्रश्न मिटवू. ‘अप’ म्हणजे वर, हा त्याचा पहिला अर्थ, पण एकुलता एक नाही. ‘ईट अप’ म्हणजे वर खाणे नव्हे, सगळं खाऊन टाकणे. ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपवणे. ‘टेअर अप’ म्हणजे फाडून तुकडे तुकडे करणे. ‘ड्राय अप’ म्हणजे पार आटून जाणे. या सगळ्यांत ‘अप’ दिशा दाखवत नाही, तर काम शेवटपर्यंत गेलं, मागे काही उरलं नाही, असं सांगतं. मराठीत हे काम आपण दुसऱ्या क्रियापदाकडून करून घेतो. ‘खा’ आणि ‘खाऊन टाक’ यांत जो फरक, तोच ‘ईट’ आणि ‘ईट अप’मध्ये. ‘खाऊन टाक’मध्ये कुणी काही टाकत नाही. ‘नको ते बोलून बसला’ म्हणताना तो उभा असला तरी चालतं. ‘सांगून ठेव’ म्हटल्यावर ठेवायला फळी लागत नाही. ही जोडक्रियापदं आपण इतकी सहज वापरतो, की त्यांत काही अवघड आहे हे आपल्याला जाणवतही नाही. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला विचारा, तो ‘बोलून बसला’पाशीच अडलेला असतो.

म्हणजे ‘गिव्ह अप’चा सांगाडा असा : देणे, आणि तेही पुरतं, हातात काही न ठेवता. देऊन टाकणे.

आता हे शब्द पहिल्यांदा जोडीने कुठे भेटतात ते पाहू, कारण तिथे अर्थ अगदी डोळ्यांसमोर उभा राहतो. इंग्लंडच्या पूर्व भागात पीटरबरो नावाचं गाव आहे. तिथल्या मठात भिक्षू इंग्रजीतून वर्षावार बखर लिहीत असत. त्या बखरीतल्या शेवटच्या नोंदी ११५४च्या सुमारास लिहिल्या गेल्या. त्यांतल्या ११३७ या वर्षाखाली राजा स्टीफनच्या कारकिर्दीची हकिकत आहे. स्टीफनला सॉल्सबरीचा बिशप रॉजर, लिंकनचा बिशप अलेक्झांडर आणि चान्सलर असलेला आणखी एक रॉजर यांच्याबद्दल संशय आला. या मंडळींच्या ताब्यात बळकट किल्ले होते. राजाने त्यांना धरलं आणि तुरुंगात घातलं, कधीपर्यंत, तर त्यांनी आपले किल्ले ‘गिव्ह अप’ करेपर्यंत. बखरीतलं रूप आजच्यासारखं दिसत नाही. तिथे क्रियापद ‘य’च्या उच्चाराने सुरू होतं, ‘याव्हन अप’ असं काहीसं. जुन्या इंग्रजीत या शब्दाच्या तोंडी ‘य’ होता. आजचा ‘ग’ आला तो उत्तरेकडून येऊन इंग्लंडात वसलेल्या नॉर्स लोकांच्या बोलीतून.

तुरुंगातल्या त्या बिशपांकडे पाहा. किल्ला त्यांच्या ताब्यात आहे. तो त्यांना द्यायचा नाही. कुणीतरी जोर लावतं आहे. शेवटी मूठ उघडते आणि किल्ला हातातून जातो. ताबा, ओढाताण, मूठ उघडणं : ‘गिव्ह अप’चा जवळजवळ प्रत्येक अर्थ या तीन गोष्टींतून निघतो. किल्ल्याच्या जागी काय ठेवता, एवढंच बदलत जातं.

बसमध्ये म्हातारं माणूस चढलं आणि तुम्ही उठून जागा दिलीत, तर ‘यू गेव्ह अप युअर सीट.’ जागा तुमच्या ताब्यात होती, तुम्ही ती सोडली आणि दुसऱ्याला दिली. इथे देणं आणि सोडणं दोन्ही खरोखर घडतं, म्हणून हा अर्थ मी सगळ्यात आधी शिकवते. नोकरीचं बघा. नोकरी हातात होती, ती सोडली. ती घ्यायला समोर कुणी उभं नाही, पण मूठ मात्र उघडली. सवयीचंही तसंच. ‘ही गेव्ह अप स्मोकिंग’ म्हटलं की त्याने सिगारेट सोडली. सवयीच्या बाबतीत ताबा नेमका कोणाचा कोणावर असतो हा प्रश्नच आहे, पण भाषा तरी असं धरून चालते की माणसाने सवय धरली आहे आणि तो ती सोडू शकतो. मराठीही तेच म्हणते. व्यसन लागतं, पण सोडायचं असतं आपणच.

इथे व्याकरणातला एक खड्डा आहे आणि त्यात आपली बरीच माणसं पडतात. ‘गिव्ह अप’नंतर क्रियापद आलं तर ते ‘इंग’ लावूनच येतं : ‘गिव्ह अप स्मोकिंग’, ‘गिव्ह अप ट्राइंग’. ‘गिव्ह अप टू स्मोक’ असं कधीच होत नाही. नियम म्हणून पाठ करण्यापेक्षा कारण लक्षात ठेवा. जे सोडायचं, ती हातात धरता येईल अशी वस्तू असली पाहिजे, म्हणजे नाम असलं पाहिजे. ‘इंग’ लावलं की क्रिया नाम बनते, जसं आपल्याकडे ‘ओढणे’चं ‘ओढणं’ होतं. ‘त्याने सिगारेट ओढणं सोडलं’ : ‘ओढणं’ ही वस्तू, ती सोडली. पण बोलताना आपण ‘ओढायचं सोडलं’ असंही म्हणतो, आणि त्या ‘ओढायचं’मुळे जिभेवर ‘टू स्मोक’ येतं. मनात वाक्य ‘ओढणं सोडलं’ असं बांधा, इंग्रजी आपोआप सरळ येईल.

‘स्टॉप’ आणि ‘गिव्ह अप’ यांची अदलाबदल करावी का, असं मला नेहमी विचारतात. बस आली म्हणून त्याने सिगारेट विझवली, तर ‘ही स्टॉप्ड स्मोकिंग व्हेन द बस केम’ चालतं. ‘गेव्ह अप’ मात्र चालणार नाही, कारण बसमधून उतरल्यावर तो दुसरी पेटवणार आहे. थांबणं घडीभराचं असू शकतं. सोडणं म्हणजे संबंध तोडण्याचा इरादा. पाऊस थांबतो त्याला ‘इट स्टॉप्ड रेनिंग’ म्हणायचं. पाऊस ‘गिव्ह अप’ करत नाही, कारण त्याने हट्टाने काही धरून ठेवलेलं नसतं. कुठे ‘गिव्ह अप’ वापरावं असा संशय आला की स्वतःला विचारावं : इथे मुठीत काही होतं का? नसेल तर दुसरा शब्द शोधावा.

प्रिय गोष्ट सोडली तर त्याच शब्दाला त्यागाचा रंग चढतो. ‘शी गेव्ह अप हर करिअर फॉर हर चिल्ड्रन.’ आपण म्हणू, मुलांसाठी तिने करिअरवर पाणी सोडलं. हा वाक्प्रचार मला ‘गिव्ह अप’चा सख्खा भाऊ वाटतो. दान देताना हातावरून पाणी सोडायचं, म्हणजे दिलेल्या वस्तूवरचा आपला हक्क संपला. देणं आणि सोडणं तिथे एकाच ओंजळीत आहे. इंग्रजीत वेळसुद्धा असा देतात. ‘ही गेव्ह अप हिज संडेज टू टीच देम’ म्हणजे त्यांना शिकवायला त्याने आपले रविवार खर्ची घातले. याचं भाषांतर ‘रविवार सोडले’ असं केलं तर वाचणाऱ्याला वाटेल, तो रविवारी शिकवतच नाही. शब्दाचा गाभा ओळखला तरी मराठीत उतरवताना प्रत्येक वेळी ‘सोडणे’ टाकून भागत नाही, हे या एका वाक्यावरून कळतं.

‘गिव्ह अप द घोस्ट’ हा प्रयोग ऐकून पुष्कळांना भूत आठवतं. इथे ‘घोस्ट’ म्हणजे प्राण, जीव. त्या शब्दाचा जुना अर्थ तोच. १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये येशूच्या मृत्यूच्या वर्णनात हेच शब्द आहेत. आपण ‘प्राण सोडला’ म्हणतो, आणि इतका तंतोतंत जोड दोन भाषांत क्वचितच मिळतो. हल्ली इंग्रजीत माणसांपेक्षा यंत्रांसाठी तो जास्त ऐकू येतो. जुना पंखा एके दिवशी घरघरून कायमचा बंद पडला की त्याने ‘घोस्ट गिव्ह अप’ केला. आपणही म्हणतोच, पंख्याने जीव सोडला.

आता सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या अर्थाकडे येऊ, आणि इथे मराठी आणि इंग्रजीच्या वाटा वेगळ्या होतात. ‘आय गिव्ह अप.’ ‘डोंट गिव्ह अप.’ काय सोडलं? काय सोडू नको? वाक्यात कर्मच नाही. किल्ला गायब आहे, फक्त उघडलेली मूठ उरली आहे. इंग्रजीला हे चालतं : प्रयत्न सोडले, एवढं ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं. मराठीला मात्र ती जागा रिकामी राहिलेली आवडत नाही. नुसतं ‘सोडू नकोस’ म्हटलं तर समोरचा विचारेल, काय? म्हणून आपण काहीतरी हातात देतो : धीर सोडू नकोस, आशा सोडू नकोस, जिद्द सोडू नकोस, चिकाटी सोडू नकोस. किंवा क्रियापदच बदलतो आणि हार मानू नकोस म्हणतो. भाषांतर करणाऱ्याने इथे थांबून विचार करायला हवा. आजारी माणसाला ‘डोंट गिव्ह अप’ म्हटलं असेल तर ‘धीर सोडू नका’. परीक्षेत दोनदा नापास झालेल्या मुलीला म्हटलं असेल तर ‘जिद्द सोडू नकोस’. हरवलेल्या माणसाची वाट पाहणाऱ्या घरच्यांना म्हटलं असेल तर ‘आशा सोडू नका’. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी तेच तीन शब्द आहेत. मराठीत तीन वेगळ्या गोष्टी हातातून निसटत आहेत, आणि नेमकी कोणती निसटते आहे हे आपली भाषा आपल्याला पाहायला लावते. हे मला आपल्या भाषेचं मोठं बळ वाटतं.

कोडं घालण्याच्या खेळात हाच शब्द अगदी हलका होतो. एकीने कोडं घातलं, दुसरीने चार उत्तरं देऊन पाहिली, एकही जुळलं नाही. मग ती म्हणते, ‘ओके, आय गिव्ह अप. टेल मी.’ इथे धीर, आशा वगैरे मोठे शब्द आणले तर हसू येईल. आपण म्हणतो, ‘हरले बाई, सांग आता.’ किंवा ‘टेकले हात!’ हात टेकणे हाही फार नेमका प्रयोग आहे. डॉक्टरांनी हात टेकले, मास्तरांनी त्याच्यापुढे हात टेकले. हात जमिनीला टेकला, म्हणजे आता त्या हातात काही धरलेलं नाही.

हल्ली बोलण्यात सरळ ‘मी गिव्ह अप केलं’ असंही येतं. त्यावर रागावण्यात अर्थ नाही, भाषा अशीच वाटेत शब्द उचलते. फक्त त्याचा एक परिणाम दिसतो. ‘गिव्ह अप केलं’ म्हणणाऱ्याला काय सोडलं हे सांगावं लागत नाही. नाद सोडला, हेका सोडला, विचार सोडला, की आशाच सोडली? नाद सुटला तर माणूस सुटतो आणि आशा सुटली तर खचतो. मित्र फोनवर ‘गिव्ह अप केलं रे’ म्हणाला, तर मी तरी एकदा विचारते, काय सोडलंस नेमकं?

‘गिव्ह इन’शी होणारी गल्लतही इथेच सोडवून टाकू. सहा वर्षांचा मुलगा आईकडे मोबाईल मागतो आहे. आई नाही म्हणते. तो पाय आपटतो, रडतो, दाराआड जाऊन बसतो, परत येतो. इथून गोष्टीचे दोन शेवट होऊ शकतात. आई कंटाळून मोबाईल देते, तर आई ‘गेव्ह इन’ : तिने नमतं घेतलं, ती हट्टापुढे वाकली. किंवा मुलगा रडून रडून दमतो आणि रंगपेटी घेऊन बसतो, तर मुलगा ‘गेव्ह अप’ : त्याने नाद सोडला. ‘गिव्ह इन’ला समोरून ढकलणारं कुणीतरी लागतं, आणि ढकलणाऱ्याच्या मनासारखं होतं. ‘गिव्ह अप’मध्ये आपण आपलाच प्रयत्न खाली ठेवतो. मुलाच्या हातात मोबाईल आला तर ‘गिव्ह इन’, रंगपेटी आली तर ‘गिव्ह अप’, हे चित्र एकदा डोळ्यांसमोर आणलं की दोन शब्द पुन्हा एकमेकांत मिसळत नाहीत.

चर्चिल यांच्या नावावर ‘नेव्हर गिव्ह अप’ हे शब्द सर्रास खपवले जातात. २९ ऑक्टोबर १९४१ला हॅरो शाळेत, म्हणजे ते स्वतः जिथे शिकले त्या शाळेत, मुलांसमोर बोलताना त्यांनी वापरले ते शब्द ‘नेव्हर गिव्ह इन’ असे होते. वाकू नका. युद्ध चालू होतं, समोर शत्रू दबाव टाकत होता, आणि बळापुढे झुकू नका हेच त्यांना सांगायचं होतं. त्याच वाक्यात त्यांनी अपवादही ठेवला होता : सन्मान आणि सुज्ञपणा यांना पटत असेल तर झुका. ‘गिव्ह अप’ घातलं की समोरचा दबाव टाकणारा नाहीसा होतो आणि युद्धातलं ते वाक्य नुसतं चिकाटीचं सुभाषित बनतं. एका छोट्या शब्दाने अख्खा प्रसंग बदलतो.

आता माणसांबद्दल बोलू, कारण चुकीचा अर्थ लागला तर सर्वात जास्त दुखावतं ते इथे. ‘शी गेव्ह अप ऑन हिम’ आणि ‘शी गेव्ह हिम अप’ ही दोन वाक्यं कानाला जवळची वाटतात. पहिल्यात तिने त्याच्याबद्दलची आशा सोडली : हा काही सुधारणार नाही, हा काही येणार नाही. माणूस कदाचित तिच्याच घरात राहतो आहे, रोज समोर बसून जेवतो आहे, पण तिच्या मनाने त्याचा हिशेब मिटवला आहे. दुसऱ्यात माणूसच हातातून सोडला : त्याच्याशी संबंध तोडला, किंवा त्याला दुसऱ्याच्या ताब्यात दिलं. पोलिसांना त्याचा पत्ता सांगितला, तरी ‘गेव्ह हिम अप’. मूल दत्तक दिलं, तरी ‘गेव्ह द बेबी अप फॉर अडॉप्शन’. त्या शेवटच्या वाक्याचं मराठी ‘बाळाला सोडून दिलं’ असं केलं, तर त्या आईवर घोर अन्याय होतो. ‘सोडून दिलं’ म्हणजे वाऱ्यावर टाकलं. तिने तसं केलेलं नाही. तिने बाळ दत्तक दिलं, कुणाच्या तरी हाती सोपवलं. अशा ठिकाणी आपल्याला ‘सोडणे’ बाजूला ठेवून ‘देणे’ पुढे आणावं लागतं. किल्ल्याच्या गोष्टीत सोडणं आणि देणं दोन्ही होतं, हे आठवलं तर कोणत्या वाक्यात कोणती बाजू वर आहे हे ओळखता येतं.

स्वतःलाच कर्म केलं की तिसरीच गोष्ट घडते. ‘द थीफ गेव्ह अप’ म्हणजे चोराने पळायचा प्रयत्न सोडला. ‘द थीफ गेव्ह हिमसेल्फ अप’ म्हणजे तो पोलिसांच्या स्वाधीन झाला, शरण आला. आपला ‘स्वाधीन’ हा शब्द मजेदार आहे. मूळ अर्थ स्वतःच्या ताब्यात, आणि आपण ‘पोलिसांच्या स्वाधीन’ म्हणतो. आणखी एक वापर आहे : ‘शी गेव्ह हरसेल्फ अप टू म्यूझिक’, तिने स्वतःला संगीतात झोकून दिलं. चोर आणि गायिका, दोघांनीही स्वतःवरचा ताबा दुसऱ्याकडे दिला. एकाने नाइलाजाने, दुसरीने आनंदाने.

शब्दांच्या जागेबद्दल थोडंसं. ‘ही गेव्ह अप हिज सीट’ आणि ‘ही गेव्ह हिज सीट अप’, दोन्ही चालतं. पण ‘इट’, ‘हिम’, ‘देम’ यांसारखं सर्वनाम आलं की ते मधेच बसतं : ‘गिव्ह इट अप’. ‘गिव्ह अप इट’ ही चूक आहे. इंग्रजीत वाक्याचा शेवट जड, नव्या गोष्टीसाठी राखलेला असतो. ‘इट’ म्हणजे आधीच बोलून झालेली गोष्ट, तिला शेवटची जागा मिळत नाही. आपणही ‘ते सोडून दे’ म्हणतो, ‘ते’ आधी येऊन जातं आणि जोर ‘दे’वर पडतो. इंग्रजीतही जोर ‘अप’वर पडतो. हे ऐकण्यासाठी फार महत्त्वाचं आहे, कारण भरभर बोलताना ‘गिव्ह इट अप’ असे तीन शब्द ऐकूच येत नाहीत. कानावर पडतं ‘गिव्हिटप’, अमेरिकन माणसाकडून ‘गिव्हिडप’. लिहिलेलं कळतं पण बोललेलं कळत नाही, अशी तक्रार करणाऱ्यांनी हे तीन शब्द एका श्वासात वीस वेळा मोठ्याने म्हणून पाहावेत. जे तोंडातून निघतं ते कानाला ओळखू येतं. ‘ऑन’ जोडलं असेल तेव्हा मात्र मधे काही घुसत नाही : ‘गिव्ह अप ऑन इट’.

‘गिव्ह अप’ हा घरातला, बोलण्यातला शब्द आहे. कागदपत्रांत त्याची जागा लॅटिन-फ्रेंच घराण्यातले शब्द घेतात : सरेंडर, अबँडन, रिलिंक्विश, रिनाउन्स. १०६६नंतर इंग्लंडवर फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांचं राज्य आलं, आणि दरबार, कायदा, दस्तऐवज यांत त्यांचे शब्द रुजले. आठव्या एडवर्डने १० डिसेंबर १९३६ला राज्यत्यागाच्या कागदावर सही केली, त्यात शब्द आहे ‘रिनाउन्स’. लोक बोलताना म्हणतात, ‘ही गेव्ह अप द थ्रोन.’ आपल्याकडे हेच काम तत्सम शब्द करतात. गादी सोडली, आणि सिंहासनाचा त्याग केला. अर्जात, करारात ‘गिव्ह अप’ लिहू नये, आणि मैत्रिणीशी बोलताना ‘रिलिंक्विश’ म्हणू नये, एवढं भान पुरेसं आहे.

राहिला एक प्रयोग, जो या सगळ्याच्या उलटा वाटतो. कार्यक्रमात निवेदक ओरडतो, ‘गिव्ह इट अप फॉर द बँड!’ आणि लोक जोरजोरात टाळ्या वाजवतात. ‘सोडून द्या’ असं भाषांतर केलेली उपशीर्षकं मी पाहिली आहेत, आणि खाली ते शब्द झळकत असताना वर पडद्यावर सगळे टाळ्या वाजवत उभे होते. हा मूळचा अमेरिकन मंचावरचा प्रयोग. ‘इट’ म्हणजे तुमच्याकडे असलेली दाद. ती राखून ठेवू नका, देऊन टाका. मराठी निवेदकही तिथे हेच क्रियापद वापरतो : ‘होऊन जाऊ द्या जोरदार टाळ्या!’